अडीच गिगा आणि राहिलेलं नाक

...आणि वर मलाच विचारतात, "व्याहीबुवा, तुमच्याकडे किती आहे?" किती आहे! जशी काही माझ्या रक्तातली साखरच विचारतायत! मी म्हटलं, "पुरेसं आहे." तर म्हणे, "तसं नाही, आकडा सांगा. आमच्याकडे अडीच गिगा केलंय. घरभर. तारेनं." आता तुम्हाला सांगतो, अडीच गिगा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, आणि माझी खात्री आहे, त्यांनाही माहीत नव्हतं. पण 'अडीच' म्हणताना माणूस खुर्चीत असा काही मागे रेलला की वाटावं, अडीच गावं जिंकून आलाय! आणि त्या रेलण्यात त्यांचं चित्र कुठे म्हणजे कुठे अडकलं नाही. मागे गेले, पुढे आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला... सगळं कसं लोण्यासारखं. आणि मी? मी 'अरे वा' म्हणायला तोंड उघडलं, ते अर्धा मिनिट तसंच उघडं!

मी जळत नाही हां. हे आधीच सांगून ठेवतो.

मी तसा बोलणारा माणूस नव्हे. घरात विचारा. दिवसाची वीस-पंचवीस वाक्यं, त्यातली दहा 'चहा झाला का' अशी. पण ही गोष्टच अशी आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. मी वायरमन. चौथीत शाळा सुटली आणि हातात पक्कड आली, ती चाळीस वर्षं सुटली नाही. लोकांच्या भिंतींतून इतक्या तारा ओढल्या की त्या एकापुढे एक लावल्या तर... जाऊ दे, लावल्या नाहीत कुणी. सांगायचा मुद्दा काय, तार हा माझा विषय! व्याह्यांचं आयुष्य गेलं चष्म्याच्या दुकानात. 'हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का' विचारण्यात. त्यांनी काचेचं सांगावं, मी ऐकेन. पण तारेचं? मला? तारेनं हरवायचं, तेही मला?

तर होतं काय, की मुलगा आणि सून लांबच्या शहरात राहतात. त्यांची एक मुलगी आहे, आठ वर्षांची. नाव तिचं वेगळं आहे, पण आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली आजवर कुणी बघितलेली नाही. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ती पडद्यावर येते. एका चौकटीत ती, एका चौकटीत मी आणि आमची ही, आणि तिसऱ्या चौकटीत सुनेचे वडील. व्याही. एकटेच असतात बिचारे, व्याहीणबाई गेल्यापासून. तेवढं मला कळतं. मी काही दगड नाही. पण एकट्या माणसानं इतकं छान दिसायचं काही कारण आहे का?

तुम्हाला सांगतो, त्या आठवड्याच्या एका तासासाठी मी बाकीचे सहा दिवस ढकलतो. आतल्या खोलीत मुलाचा जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्यासमोर साडेचारलाच जाऊन बसतो. शर्ट बदलून. ही म्हणते, "अहो, तुम्ही काही मुलगी बघायला चालला नाहीत." मी कॉलर सारखी करतो. मनात एक विनोद जुळवलेला असतो. आठवडाभर घासूनपुसून तयार केलेला. पाच वाजतात, भिंगरी येते, "आजोबा!" म्हणून किंचाळते, आणि मी विनोद सुरू करतो... आणि मध्येच थांबतो. म्हणजे मी नाही थांबत हो! मी इकडे सांगतोच आहे! तिकडे माझं चित्र थांबतं. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड अर्धं उघडं, हात हवेत. आणि मग भिंगरीचा आवाज येतो, "आजोबा परत पुतळा झाले!" आणि तेवढ्यात व्याही त्यांचा विनोद सांगून मोकळे! त्यांच्या विनोदावर ती खो खो हसते. मग माझं चित्र सुटतं, माझ्या विनोदाचा शेवट जाऊन पोचतो, डोकं नाही, धड नाही, नुसती शेपटी... आणि ती म्हणते, "आजोबा, काय म्हणालात?"

आता विनोद दुसऱ्यांदा सांगून बघा बरं तुम्ही! जमतं का?

मी जळत नाही हां. पण दर वेळी मीच का पुतळा?

आणि त्यातच ते शाळेचं निघालं. एका रविवारी भिंगरी म्हणाली, "आमच्या बाईंनी सांगितलंय, 'माझे आजोबा' यावर वर्गापुढे उभं राहून बोलायचं. चित्र पण काढून न्यायचंय. स्वतःच्या हातानं." व्याही लगेच म्हणाले, "अरे वा! कोण आजोबा?" माणसाला धीर म्हणून नाही. ती म्हणाली, "एकच आजोबा न्यायचाय. दोन नाही चालत." एकच! तुम्हाला सांगतो, त्या बाईंना मी ओळखत नाही, असतील चांगल्या, पण जगात बहुतेक पोरांना दोन दोन आजोबा असतात हे शिक्षण खात्यात कुणाला ठाऊकच नाही का? भिंगरी म्हणाली, "माझं ठरलंय कोण ते. पण सांगणार नाही." आणि म्हणताना तिनं बघितलं. कुणाकडे बघितलं? ते त्या पडद्यावर कळतं होय! ती बघते खाली, आपल्याला वाटतं वर. मला तरी वाटलं, चष्म्याच्या चौकटीकडेच बघितलं. वर त्यांना म्हणालीसुद्धा, "आजोबा, तुम्ही किती हलता हो सारखे!" मी मनात म्हटलं, घ्या! कौतुक! त्यांच्या हलण्याचंसुद्धा कौतुक!

पुढच्या दोन रविवारी मी आणखी चार-पाचदा पुतळा झालो. भिंगरी खाली मान घालून काहीतरी करत होती. माझ्याकडे धड लक्षही नाही. आणि शाळेचा दिवस पंधरवड्यावर आलेला.

रात्रभर... नाही, रात्रभर नाही, मी झोपतो चांगला. पण सकाळी उठल्या उठल्या ठरवलं. म्हटलं, अगं, आपल्याकडे पण अडीच गिगा करायचं. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अहो, असू द्या ना तो पुतळा. पोरीला काही त्रास नाही त्याचा." झालं! माझ्याच घरात, माझीच बायको व्याह्यांच्या बाजूनं! म्हटलं, तुला काय कळतंय? ती म्हणाली, "मला काही कळत नाही. मला फक्त कुठेतरी जळल्याचा वास येतोय." आणि परत भाजी!

मी पिशवी घेतली आणि कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणजे कसा, आपण आत शिरलो तरी त्याची मान मोबाइलमधून निघत नाही. म्हटलं, अडीच गिगा द्या. तो म्हणाला, "काय अडीच गिगा?" म्हटलं, जे काय असेल ते! तेव्हा त्यानं मान वर केली. चांगला निघाला पण. नीट समजावून सांगितलं. म्हणाला, "काका, हे पाण्याच्या पाइपासारखं असतं. एका ठिकाणी बारीक असला की पुढे सगळं बारीक." मग त्यानं एक नवी डबी दिली, तिला पाच भोकं. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची एक हिरवी पट्टी दिली, ती त्यानंच बसवून देतो म्हणाला. कॉम्प्युटर मी कडेवर घेऊन गेलो आणि कडेवर घेऊन आलो. वाटेत एक जण म्हणाला, "काका, आजारी आहे का?" मी कॉम्प्युटर दुसऱ्या कडेवर घेतला. सगळं जोडलं. दिवे लागले. पडद्यावर वेग मोजायचा तो काटा असतो ना, तो मुलानं फोनवरून शिकवला, लावला. काटा चढला... चढला... चौऱ्याण्णव!

चौऱ्याण्णव! शंभरापैकी चौऱ्याण्णव! अहो, मला आयुष्यात कधी चौऱ्याण्णव पडले नाहीत. चौथीत गणितात एकतीस होते. मी हिला हाक मारली, "अगं, ये, बघ, चौऱ्याण्णव!" आणि मुलाला फोन केला. मुलानं आकडा दोनदा विचारला. मग म्हणाला, "बाबा... ते अडीच हजारापैकी असतं."

अडीच हजारापैकी चौऱ्याण्णव! म्हणजे चौथीतलंसुद्धा बरं होतं की हो!

मग मुलानंच तिकडून नेटवाली पाठवली. मला वाटलं कुणी पोरगेलासा येईल, तर आली एक बाई. पस्तिशी-चाळिशीची, कमरेला हत्यारांची पिशवी, पायात दणकट बूट. पिशवी बघूनच मला बरं वाटलं. हत्यारं जागच्या जागी असलेला माणूस मला आवडतो. म्हणाली, "काका, तार कुठून कुठे गेलीय?" म्हटलं, दारापाशी ती मुख्य पेटी, तिथून भिंतीतल्या पाइपातून आतल्या खोलीपर्यंत. "कुणी ओढली?" म्हटलं, मी. स्वतः. अठरा वर्षं झाली, अजून हललेली नाही. जरा छाती पुढे काढूनच सांगितलं. तिनं खिशातून दोन डब्या काढल्या. एक तारेच्या या टोकाला लावली, एक त्या टोकाला, आणि मला म्हणाली, "इथे बघा. आठ दिवे आहेत. आत आठ तारा असतात, म्हणून आठ. एकामागून एक लागले पाहिजेत."

आम्ही दोघं त्या डबीकडे बघत बसलो. एक लागला. दोन लागला. तीन लागला. मग... काही नाही. काही नाही. मग एकदम सहा! पुढे पुन्हा काही नाही.

"काका," ती म्हणाली, "चार, पाच, सात, आठ कुठे गेले?"

आता इथे तुम्हाला खरं सांगतो. मला माहीत होतं ते कुठे गेले होते.

अठरा वर्षांपूर्वी ती तार ओढली तेव्हा कुणीतरी मला सांगितलं होतं, कॉम्प्युटरला चार तारा पुरतात. आणि तारेत होत्या आठ. आता मी वायरमन माणूस! चांगल्या तांब्याच्या चार तारा भिंतीत नुसत्या झोपवून ठेवायच्या? माझ्या हातून? शक्य आहे का ते? त्या वेळी ही म्हणत होती, "दाराची घंटी आत ऐकू येत नाही, माणसं उभी राहून परत जातात." मी काय केलं, उरलेल्या चार तारांतल्या दोन घेतल्या आणि त्यांच्यावर दाराची घंटी चालवली. बटण दारात, घंटी आतल्या खोलीत, सेलवर चालणारी. आणि राहिलेल्या दोन वाया जाऊ नयेत म्हणून त्याही तिथेच जोडल्या, जरा जोर यावा म्हणून. वर आणखी एक. त्या तारा एकमेकींना पीळ घालून आलेल्या असतात, गबाळ्या दिसतात, म्हणून दोन्ही टोकांना चांगल्या वीतभर सोडवून, सरळ करून, हातानं इस्त्री केल्यासारख्या बसवल्या! केवढं नीट काम!

नेटवालीनं भिंतीतली पेटी उघडली. आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, "काका, ही कलाकारी कुणाची?"

मी म्हटलं, "असेल कुणाची तरी."

तेवढ्यात दारात शेजारीणबाई आल्या, हिच्याकडे काहीतरी मागायला, आणि त्यांनी घंटी दाबली. ट्रिंग! नेटवालीनं तिच्या लॅपटॉपकडे बघितलं. वेग मोजायचा काटा धाडकन खाली. शेजारीणबाई सवयीप्रमाणे तीनदा दाबतात. ट्रिंग, ट्रिंग! काटा मेलाच. मग नेटवाली माझ्याकडे वळली. "काका, तुमचं चित्र अडकतं ते नेमकं कधी अडकतं?"

कधी अडकतं! मला लख्ख आठवायला लागलं हो. रविवारी पाच वाजता! पाचला दूधवाला येतो. सव्वापाचला खालच्या मजल्यावरची पोरं चेंडू आमच्या गच्चीत गेला म्हणून येतात. मग शेजारीणबाई, तीनदा. दर वेळी ट्रिंग, आणि दर वेळी मी पुतळा! कॉम्प्युटर काही बिघडलेला नव्हता, मीच मला गोठवत होतो! अठरा वर्षांपूर्वीच्या माझ्याच हातानं! नेटवाली म्हणाली, "अहो, नुसतं बोलायला शंभरसुद्धा भरपूर होतात. फक्त घंटी सोडवली आणि टोकं नीट केली तरी चित्र अडकायचं नाही. अडीच हजार तुम्हाला लागतातच कशाला?"

मी म्हटलं, "लागतात."

"कशाला पण?"

"व्याह्यांकडे आहेत."

तिनं माझ्याकडे बघितलं, पिशवीचा पट्टा घट्ट केला आणि म्हणाली, "मग ओढू या नवी." शहाणी बाई. तिला सासर असणार.

आणि मग तुम्हाला सांगतो, मजा आली. खोटं कशाला बोलू? जुन्या तारेला नवी तार बांधली, ती त्या टोकानं ओढत होती आणि मी या टोकानं सोडत होतो. पाइपात दोन वळणं आहेत, दुसऱ्या वळणावर तार अडते, तिथे जोर लावायचा नसतो, थोडी मागे घ्यायची, बोटात फिरवायची आणि मग सोडायची. मी तसं केलं, आणि तिकडून तिचा आवाज आला, "आली!... काका, हात आहे हो तुमचा." चाळीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. लोक म्हणायचे, 'झालं का? भिंत खराब नाही ना केली?'

मग टोकं बसवायची. तिनं रंग सांगितले आणि मी लावत गेलो. नारिंगीची पांढरी, नारिंगी, हिरवीची पांढरी... म्हटलं, आता हिरवी. तर म्हणाली, "नाही, निळी." म्हटलं, अहो, हिरवीचं जोडपं आहे, मध्ये निळी कशी? म्हणाली, "तसंच असतं. हिरवीचं जोडपं फोडायचं, मध्ये निळीचं घालायचं." मला नाही पटलं, पण लावली. त्या दोन हिरव्या अशा लांब लांब उभ्या, मध्ये दुसऱ्याचंच जोडपं... मला उगाच आमचा रविवारचा पडदा आठवला.

पीळ या वेळी सोडवू दिला नाही तिनं. "अगदी टोकापाशी, काका. पीळ आहे म्हणून तर एकीची गडबड दुसरीला बाधत नाही." हे मला आवडलं. घरी येऊन हिला सांगितलं... म्हणजे घरीच होतो, स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आपल्यालाही कुणीतरी सोडवून इस्त्री केलेली दिसतेय."

डब्या लावल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ! आठही! अहो, पोरगं पहिल्यांदा चाललं तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता. काटा लावला. दारापासून आतल्या खोलीपर्यंत... दोन हजार तीनशे! नेटवाली म्हणाली, "पण काका, बाहेरून तुमच्याकडे येतात तीनशेच. हे दोन हजार तीनशे आहेत ते घरातल्या घरात." म्हणजे आमचं दार आणि आमची आतली खोली आता एकमेकांशी दोन हजार तीनशेच्या वेगानं बोलतात. आम्ही नवरा-बायको त्याच दोन ठिकाणी बसतो, आमचं दिवसाला वीस-पंचवीस.

पण असू दे. आकडा झाला ना! घंटी मात्र गेली. तिला तार उरली नाही. ही म्हणाली, "माणसं आता काय करणार?" म्हटलं, दार वाजवतील. दार कशाला असतं?

रविवार आला. शाळेच्या दिवसाआधीचा शेवटचा. मी चारलाच बसलो. नवा शर्ट. विनोद एकदम ठेवणीतला. पाच वाजले. भिंगरी आली. व्याही आले. मी सहज, अगदी सहज म्हटलं, "व्याहीबुवा, आमच्याकडेही अडीच झालं हो." आणि रेललो. मागे गेलो, पुढे आलो, माझा चष्मा काढला, पुसला, घातला. कुठे अडकलं नाही! व्याह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. 'वा वा' म्हणाले, पण त्या 'वा'मध्ये हवा नव्हती. मग मी विनोद सुरू केला. हात हलवून, मान वेळावून, आवाज बदलून, सगळा वेगात, सगळा अखंड, शेवटापर्यंत!

भिंगरी हसली नाही.

माझ्याकडे बघतेय, हातात पेन्सिल, आणि डोळे भरून आलेले. म्हणाली, "आजोबा... तुम्ही हलताय."

म्हटलं, "हो! आता नाही पुतळा होणार मी, कधीच नाही!"

"अहो, पण माझं नाक राहिलंय!"

कुणाचं नाक? कसलं नाक? मग तिनं वही उचलून पडद्यापुढे धरली. आणि तुम्हाला सांगतो... वहीत मी होतो. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड अर्धं उघडं, हात हवेत. कानाच्या केसांसकट! चारही केस! सगळं होतं, मध्ये नाकाच्या जागी नुसतं पांढरं. तीन रविवार ती पोर खाली मान घालून मला काढत होती. मी पुतळा झालो की एक कान, पुढचा पुतळा, एक भुवई. व्याही सारखे हलतात म्हणून त्यांना आधीच बाद केलं होतं तिनं! आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'माझे आजोबा मला काहीतरी सांगत आहेत.'

मी हिच्याकडे बघितलं. ही साडीला हात पुसत म्हणाली, "मला माहीत होतं. सूनबाईनं सांगितलं होतं. पण पोरीनं शपथ घातली होती, आजी, सांगायचं नाही. तरी म्हटलं होतं ना मी, असू द्या तो पुतळा?"

"मग नीट का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी नीट विचारलंत?"

भिंगरी रडवेली. "परवा द्यायचंय. नाक कसं काढू आता?" तिची आई पलीकडून म्हणाली, "अगं, फोटो बघून काढ." तर म्हणे, "बाईंनी सांगितलंय, फोटो बघून नाही, आजोबांना बघून." मग मी म्हटलं, थांब. आणि थांबलो. स्वतःच. तोंड उघडं, हात हवेत. भिंगरीनं बघितलं आणि म्हणाली, "नाही, तसं नाही. डोळा अजून थोडा मिटा. तो नाही, दुसरा. तोंड एवढं नाही हो, त्यात मासा जाईल." शेवटी तिनं वही पडद्यापुढे धरली आणि मी माझाच चेहरा बघून माझा चेहरा केला! आणि बसलो. वीस मिनिटं! घरातलं सगळ्यात वेगवान यंत्र पुढ्यात, भिंतीत आठच्या आठ तारा, दोन हजार तीनशे... आणि मी न हलता! आणि अशा वेळी काय होतं, माहीत आहे ना? नाक खाजतं! तेच नाक, जे ती काढतेय! तेवढ्यात दारावर धाड धाड! शेजारीणबाई! "अहो, आहात का घरात? घंटीला काय झालं तुमच्या?" ही दार उघडायला गेली. मी तसाच. दूधवाला. मी तसाच. चेंडूची पोरं. आजवर हे सगळे आले की मी गोठायचो, आता हे सगळे आले तरी मी गोठलेलाच. मग एवढी तार बदलली कशाला, सांगा!

आणि व्याही? तुम्हाला सांगतो, मला डोळे हलवता येत नव्हते, पण कडेनं दिसत होतं. व्याहीसुद्धा बसले होते. तोंड उघडं, हात हवेत. कुणी सांगितलं नव्हतं हो त्यांना. भिंगरीनं एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला नाही जमत. पापणी हलली." त्यांनी हात खाली घेतला. हळूच. चष्मा काढला आणि पुसत बसले.

मला फार बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं तेवढं.

नाक झालं. चांगलं झालं, जरा मोठं झालं, पण आहेच मोठं. चित्र शाळेत गेलं, भिंगरी वर्गापुढे बोलली. म्हणाली, "माझे आजोबा बोलता बोलता थांबतात, मग मी त्यांचं पुढचं मनात बोलते." टाळ्या पडल्या म्हणे. सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं 'बरं' म्हटलं. मोजून एक वाक्य.

आणि दोन दिवसांनी व्याह्यांचा फोन. पडद्यावरचा नाही, साधा. आवाज खाली. "व्याहीबुवा, एक विचारू? हसू नका. जावयांनी सांगितली ती घंटी... नेमकी कुठल्या तारांना जोडली होती तुम्ही?"

आता काय सांगायचं? पोटातलं गुपित म्हटलं तर माझं, पण माणूस एकटा. सांगितलं. चार, पाच, सात, आठ. पीळ वीतभर सोडवा. सेल नवे घाला. नीट ऐका, तपकिरी धरा हातात, नाही हो, ती निळी, चष्मा लावा! दोन तास बोललो. अकरा वर्षांची सोयरीक, एवढं कधी बोललो नव्हतो. त्यांना पक्कड कशी धरतात ते फोनवरून शिकवलं. शेवटी ट्रिंग झालं, तेव्हा त्यांच्याइतकाच मीही ओरडलो.

परवाच्या रविवारी पाच वाजता त्यांच्या दारात कुणीतरी आलं. ट्रिंग! आणि व्याही गोठले. पण काय गोठले म्हणून सांगू! चष्मा अर्धा काढलेला, एक भुवई वर, ओठांचा चंबू! मला इतक्या रविवारांत तसं जमलं नव्हतं. भिंगरी टाळ्या पिटत उठली, "चष्मेवाले आजोबा पुतळा झाले!" आणि नवी वही घेऊन खाली मान घालून बसली. मी विनोद सांगत होतो. अखंड. अडीच गिगात. कुणी ऐकत नव्हतं.

मी जळत नाही हां. फक्त काल नेटवालीला फोन केला. म्हटलं, ताई, आमची ती जुनी तार... टाकून तर नाही ना दिलीत?